शब्दाचा अर्थ चांगलाच आहे, मग टोचतं कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका गृहस्थांचं पत्र छापून आलं होतं, हल्ली लोकांना कुठलाही शब्द लागतो, काही बोलायची सोय राहिली नाही वगैरे. म्हणणं थोडक्यात असं की एखाद्या शब्दावरून राग आला तर आधी शब्दकोश उघडा, त्यात अर्थ वाईट नसेल तर रागवायचं कारणच नाही, आणि तरी राग आला तर तो तुमचा प्रॉब्लेम. पत्र छान लिहिलंय, शुद्धलेखन एकदम चोख, पण वाचताना मला सारखं वाटत होतं की या गृहस्थांना कधी कुणी "तुम्ही पण या हं हळदीकुंकवाला, आमच्याकडे चालतं" असं म्हटलेलं नसणार.

मला म्हटलंय. मिस्टर गेल्यानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला. म्हणणारी मनाने खरंच चांगली आहे, अडीअडचणीला धावून येणारी आहे, तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. आता उघडा की शब्दकोश. 'चालणे' या क्रियापदात वाईट काय आहे? काही नाही. 'पण' मधे काय आहे? काही नाही. 'आमच्याकडे' तर किती आपुलकीचं. पण त्या एका 'चालतं' मधे सगळं आलं, की एरवी चालत नाही, की आम्ही पुढारलेले म्हणून चालवून घेतो, आणि की तू आता चालवून घ्यायच्या लोकांमधे गेलीस. मी गेले तिच्याकडे, वाण पण घेतलं (प्लास्टिकची चहाची गाळणी होती, चांगली निघाली).

याच्या उलट सांगते. त्याच दिवसांत बँकेत गेले होते खात्याचं काम करायला, तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, मयताचं नाव? आता हा शब्द किती रुक्ष, बरोबर आलेली माझी बहीण तर भडकलीच त्याच्यावर. मला मात्र त्याचं काही वाटलं नाही. फॉर्मवर 'मयत खातेदार' असंच छापलेलं होतं आणि तो त्याचं काम करत होता, उलट घरी येणारं प्रत्येक जण 'बिचारी गं' म्हणत होतं त्यापेक्षा मला ते काउंटर बरं वाटलं. म्हणजे बघा, मऊ शब्द टोचला आणि टणक शब्द टोचला नाही, याचं गणित कुठल्या कोशात सापडणार?

आणि हे काही आजकालच्या हळव्या पिढीने काढलेलं फॅड नाही हो. आपल्याला शाळेत व्याकरणात शब्दशक्ती होत्या, अभिधा लक्षणा व्यंजना, दोन मार्कांसाठी पाठ करायचो आणि विसरायचो. अभिधा म्हणजे सरळ कोशातला अर्थ. त्याचं जुनं उदाहरण संस्कृत काव्यशास्त्रात फार प्रसिद्ध आहे, 'गंगायां घोषः', गंगेवर गवळीवाडा आहे. आता पाण्यावर वाडा कसा असेल, म्हणून आपण समजून घेतो की गंगेच्या काठावर आहे, ही झाली लक्षणा. पण मग सरळ 'काठावर' का नाही म्हटलं, तर गंगा म्हटल्याबरोबर तिचा गारवा आणि पावित्र्य त्या वाड्याला येऊन चिकटतं, आणि ते बोलणाऱ्याला हवं असतं. ही व्यंजना. काश्मीरमधे नवव्या शतकात आनंदवर्धन नावाचे पंडित होऊन गेले, त्यांनी तर सांगितलं की काव्याचा आत्माच हा आहे, जे म्हटलेलं नाही पण ऐकू येतं ते. मी म्हणते फक्त काव्याचाच कशाला, सोसायटीच्या मिटींगचा पण आत्मा तोच आहे.

गंगेचंच उदाहरण मुद्दाम घेतलं कारण ते पुढे थेट माझ्या अंगावर आलं. आठवत असेल, एप्रिल २०२३ मधे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी आपल्या खात्याच्या सचिवांना पत्र लिहिलं होतं, की विधवा या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' असं म्हणता येईल का त्याचा प्रस्ताव करा. गदारोळ झाला, मग निर्णय काही झालेला नाही असा खुलासा आला आणि विषय थंडावला. हेतू सन्मानाचा होता असं सांगितलं गेलं आणि मी त्यावर शंका घेत नाही. कोशात बघायला गेलं तर याहून चांगला अर्थ कुठला असणार, एक सोडून दोन नावं आणि दोन्ही पवित्र नदीची! पण ज्यांनी जुन्या लग्नपत्रिका आणि जुनी पाकिटं बघितलीयेत त्यांना माहितीये की नावाच्या आधी 'गं. भा.' दिसलं की वाचणाऱ्याला काय कळायचं. हिला ओवाळायला बोलवायचं नाही, हिने ओटी भरायची नाही, शुभकार्याला निघताना ही समोर आली तर दोन मिनिटं थांबायचं. गंगेचा गारवा आणि पावित्र्य चिकटलं म्हणे, पण ते बाईच्या गळ्यात घातलं ते असं की आता तू पवित्र राहायचं, गार राहायचं, रंगीत साडी नको, मोठ्याने हसणं नको. त्यापेक्षा मला विधवा बरा. कोरडा शब्द आहे, नवरा वारला एवढंच सांगतो, पुढे कसं वागायचं ते सांगत नाही. (हे माझं मत झालं, माझ्या भिशीतल्या एकीला तो शब्द ऐकवत पण नाही, आणि तिच्यासमोर मी तो वापरत नाही, विषय संपला. यासाठी कोश लागत नाही, थोडं लक्ष लागतं.)

आता त्याच्या आदल्याच वर्षीची गोष्ट बघा, २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने पण इतर ग्रामपंचायतींनी असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. गंमत म्हणजे सगळीकडे त्याला 'विधवा प्रथा बंदी' असंच म्हटलं गेलं, शब्द जुनाच ठेवला, रोखली ती बांगड्या फोडणारी माणसं. मला हे फार आवडलं.

नाव बदलूच नये असं मात्र मी म्हणत नाहीये. मी राहते कर्वेनगरला, म्हणजे जुन्या लोकांचं हिंगणे. महर्षी कर्वे यांनी १८९३ साली स्वतः एका विधवेशी लग्न केलं आणि त्याच वर्षी मंडळी काढली तिचं नाव होतं विधवाविवाहोत्तेजक मंडळी, दोन वर्षांनी ते बदलून 'विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी' असं केलं. आता फरक बघा, उत्तेजन म्हटलं की तेव्हाच्या पुण्यात लोकांच्या भुवया वर जाणार की हे बायकांना भरीला घालतायत, आणि प्रतिबंध निवारण म्हणजे काय तर आम्ही कोणाला भरीला घालत नाही बाबा, वाटेतली आडकाठी तेवढी काढतो. काम तेच. मग १८९६ मधे त्यांनी आश्रम काढला त्याचं नाव अनाथ बालिकाश्रम, आणि आज त्या संस्थेचं नाव आहे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था. म्हणजे 'अनाथ' गेलं आणि 'शिक्षण' आलं, पण मधे कितीतरी वर्षं मुली तिथे येऊन खरोखर शिकल्या, मास्तरणी झाल्या, नर्स झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. नाव नंतर आलं, आणि म्हणून ते टिकलं.

आमच्या सोसायटीत मात्र उलट चालू आहे. मी सेक्रेटरी आहे (कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून). लिफ्टपाशी एक जुनी नोटीस होती, 'मोलकरणींनी लिफ्ट वापरू नये'. एका सभासदाच्या कॉलेजमधल्या मुलीने ग्रुपवर त्याचा फोटो टाकून लिहिलं की हे किती अपमानास्पद आहे, मग शंभरेक मेसेज पडले, त्यात दोन जणांनी मोलकरीण शब्दात काय वाईट आहे म्हणून कोशातले फोटो पण टाकले. शेवटी कमिटीने नोटीस बदलली. आता तिथे लॅमिनेट केलेला छान कागद आहे, 'हाउसहेल्प स्टाफसाठी जिना उपलब्ध आहे'. उपलब्ध आहे! जसं काही स्विमिंग पूलच. आणि सगळे खूष, की बघा आपण किती सुसंस्कृत. माझ्याकडे ज्या कामाला येतात त्यांना मी विचारलं की तुम्हाला यातलं काय बरं वाटतं, तर म्हणाल्या, "ताई काय पण म्हणा, पाचवा मजला पाचवाच आहे." मी मिटींगमधे लिफ्टचा विषय काढला तर तो 'पुढील सभेत विचारार्थ' गेलाय, आता या 'विचारार्थ' चा कोशातला अर्थ आणि खरा अर्थ पुणेकरांना मी काय सांगायचा.

मोलकरीण या शब्दाची मला तर कीव येते. फोड करून बघा, मोल घेऊन काम करणारी. यात कमीपणा कुठे आहे? मी पण तीसेक वर्षं मोल घेऊनच काम केलं, फक्त त्याला पगार म्हणायचे आणि पीएफ कापायचे. पण वर्षानुवर्षं तो शब्द ज्या सुरात उच्चारला गेला, वेगळा कप, जमिनीवर बसणं, मागच्या दाराने येणं, ते सगळं त्याला चिकटलं आणि तो शिवीसारखा झाला. मग आली कामवाली, ती पण मळली, मग बाई, मग मेड, आता हाउसहेल्प, आणि हा सुद्धा दहा वर्षांत मळणार कारण ज्या हातांनी आधीचे मळवले ते हात तेच आहेत. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता, त्या वेळी ज्या संघटना उभ्या राहिल्या त्यात एक पुणे शहर मोलकरीण संघटना, नावात मोलकरीण तशीच ठेवली, आणि मोल वाढवून मागितलं. २००८ मधे राज्याने कायदा केला तेव्हा त्यात शब्द आला घरेलू कामगार. ऐकायला किती रटाळ, सरकारी, पण कामगार म्हटलं की सुट्टी, नोंदणी, कल्याण मंडळ असं काहीतरी मागता येतं. 'मावशी' म्हटलं की काय मागणार? मावशी या शब्दाविषयी मला आधीपासून संशय आहे. खरी मावशी दोन दिवस आली नाही तर आपण तिचे पैसे कापतो का? माझ्याकडच्या त्या ताई तीन घरी जातात, त्यांनीच सांगितलं, की जिथे मावशी मावशी करतात, 'तुम्ही आमच्या घरच्यासारख्याच' म्हणतात तिथे दिवाळीला साडी मिळते, ती पण बहुतेक कोणीतरी यांना दिलेलीच असते, आणि जिथे नुसतं नावाने हाक मारतात तिथे पूर्ण महिन्याचा पगार बोनस. 'घरच्यासारख्या' मधे ते जे 'सारख्या' आहे ना, तिथेच सगळी मेख आहे.

'बाई' या शब्दाची तर कमालच. शाळेत 'बाई आल्या नाहीत' म्हटलं की वर्गात आनंदीआनंद, आणि घरी 'बाई आली नाही' म्हटलं की सिंकमधल्या भांड्यांकडे बघून कपाळाला हात. शब्द तोच, आल्या आणि आली एवढाच फरक. अहिल्याबाई, सावित्रीबाई यात बाई मानाची, 'बाईमाणसाने एवढं बोलू नये' यात ती तोंड बंद करायची, आणि 'त्याने बाई ठेवलीये' यात तर बोलायलाच नको. कोशात हे सगळे अर्थ एकाखाली एक छापले तरी त्यातला कुठला कधी लागणार ते कोण कोणाला म्हणतंय, कुठल्या सुरात, आणि बसायला खुर्ची दिली का नाही यावरून ठरतं.

काही शब्दांना तर कोशात अर्थच नसतो, तरी ते लागतात. येरवडा घ्या. साधं गावाचं नाव. पण तिथे जेल आहे आणि मनोरुग्णालय पण आहे, त्यामुळे पुण्यात 'याला येरवड्याला पाठवा' म्हटलं की ऐकणाऱ्याने दोन्हीतलं काय ते निवडावं. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब पिढ्यानपिढ्या तिथे राहतं, पण मुलाच्या लग्नाच्या वेळी पत्ता सांगताना सगळे कल्याणीनगरच्या अलीकडे म्हणायचे. कायद्याने आपलं काम केलंय, १९१२ चा कायदा होता त्याच्या नावातच ल्युनसी होतं म्हणजे वेडच, मग १९८७ ला मेंटल हेल्थ आलं, मग २०१७ ला मेंटल हेल्थकेअर. आम्ही अजून येरवड्यावरच आहोत. दिव्यांग शब्दाचं पण तसंच, पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मधे मन की बात मधे सुचवला, आता सगळीकडे रुळला, काहींना तो आवडतो, काही म्हणतात दिव्य वगैरे काही नको आम्हाला रॅम्प द्या, आणि दोघांचंही बरोबर आहे. मला विचाराल तर ज्याच्यासाठी शब्द आहे त्याला आधी विचारावं, ते अजून कोणी फारसं करत नाही.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. माझी मुलगी सायकॉलॉजी शिकलेली आहे, तिने मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोघांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं की स्पीड किती असेल. प्रश्नातला एकच शब्द बदलला. गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा असं विचारलं त्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितलं, आणि एकमेकींना लागल्या तेव्हा असं विचारलं त्यांनी ३१.८. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने परत बोलावून विचारलं की फुटलेली काच दिसली होती का, तर 'जोरात आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, आणि नुसतं 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. काच फुटलीच नव्हती! म्हणजे शब्दाने डोळ्यांनी बघितलेलं सुद्धा बदलतं, आणि आम्ही वाचक तर काही बघितलेलंच नसतं, तुम्ही जे छापाल तेच आमचे डोळे.

तर मग 'डंपरखाली येऊन तरुणीचा मृत्यू' हे काय असतं? ती स्वतःहून आली का खाली? 'डंपरने चिरडलं' म्हटलं की डंपर कोणाचा, चालवत कोण होतं, त्या वेळी रस्त्यावर कसा हे प्रश्न आपोआप येतात. 'घरगुती वादातून पत्नीची हत्या' हे तर रोजचंच झालंय, आता घरगुती म्हटलं की मला घरगुती लोणचं, घरगुती मसाले, घरगुती गणपती आठवतात, खून त्या रांगेत कसा काय जाऊन बसला? कोशात घरगुती म्हणजे घरातला, बरोबरच आहे, खून घरातच झाला. पण वाचणारा मनात म्हणतो की असेल काहीतरी दोघांमधलं, आणि पान उलटतो. छेडछाड पण तसलाच, छेड काढणं म्हणजे काहीतरी खोडी काढल्यासारखं वाटतं, वेणी ओढल्यासारखं. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मधे न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढली, त्यात ईव्ह टीझिंग हा शब्द वापरू नका, रस्त्यावरचा लैंगिक छळ असं म्हणा असं स्पष्ट दिलंय. कोर्टाला सुचलं, पेपरना कधी सुचणार?

त्या गृहस्थांना माझा एवढाच प्रश्न आहे की तुम्ही घरात बायकोला "शहाणीच आहेस" म्हणून बघा आणि नंतर कोश काढून दाखवा की शहाणा म्हणजे समंजस, सुज्ञ. मग काय होतं ते या सदरात कळवा.

एक विनंती. पत्र लांबलंय, तुम्ही कापणार हे गृहीत आहे, हवं ते कापा, सोसायटीचं कापलंत तर माझं सेक्रेटरीपद पण वाचेल. फक्त 'विधवा' मी जिथे लिहिलाय तिथे तसाच राहू द्या. मागे एका दुसऱ्या पेपरला मी पाण्याच्या टँकरबद्दल पत्र पाठवलं होतं, त्यात स्वतःची ओळख म्हणून तो शब्द लिहिला होता, तर त्यांनी सुधारून 'पतीच्या पश्चात एकाकी जीवन व्यतीत करणाऱ्या' असं छापलं. मी एकाकी नाहीये, भिशीत बारा जणी आहोत आणि पुढच्या महिन्यात गणपतीपुळ्याला चाललोय.

आपली,
एक विधवा वाचक
कर्वेनगर, पुणे ५२